विश्लेषण : खेळ कंपनीचा, प्रोग्रॅम चाहत्यांचे... 'मॅजिक'च्या अनधिकृत संगणकीय आवृत्त्या कायद्यात बसतात का?

'मॅजिक : द गॅदरिंग' हा कार्डांचा खेळ तीन दशकांहून अधिक काळ जगभर खेळला जातो. त्याची मालकी एका बड्या अमेरिकी कंपनीकडे आहे आणि या कंपनीचे स्वतःचे संगणकीय खेळही आहेत. तरीही चाहत्यांनी फावल्या वेळात लिहिलेले, फुकट मिळणारे प्रोग्रॅम वर्षानुवर्षे तग धरून आहेत. हे प्रोग्रॅम म्हणजे चोरी, छंद की खेळाचे जतन? एखाद्या खेळाचा मालक नक्की कोण, हा प्रश्न त्यातून पुढे येतो.

ट्रेडिंग कार्ड गेम म्हणजे काय?

बदाम सात किंवा मेंढीकोट खेळायला ५२ पत्त्यांचा एक कॅट पुरतो आणि तो सगळ्यांसाठी सारखाच असतो. ट्रेडिंग कार्ड गेममध्ये प्रत्येक खेळाडू आपला कॅट, म्हणजे 'डेक', स्वतः जमवतो. कार्डे बंद पाकिटांतून विकली जातात आणि पाकिटात काय निघेल हे घेणाऱ्याला आधी ठाऊक नसते. वेफरच्या पुड्यातले टाझो गोळा केलेल्या पिढीला ही उत्सुकता चांगलीच परिचयाची आहे. दोनदा निघालेले कार्ड मित्राला द्यायचे आणि त्याच्याकडचे हवे ते घ्यायचे, म्हणून हा 'ट्रेडिंग'चा खेळ.

या प्रकाराची सुरुवात १९९३ मध्ये 'मॅजिक : द गॅदरिंग'ने झाली. अमेरिकी गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी तो रचला आणि 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने बाजारात आणला. १९९९ मध्ये ही कंपनी खेळणी बनवणाऱ्या हॅसब्रोने विकत घेतली. खेळात दोन जादूगार समोरासमोर उभे असतात. प्रत्येकाला सुरुवातीला २० गुणांचे आयुष्य मिळते. प्राणी आणि मंत्र यांची कार्डे वापरून समोरच्याचे आयुष्य शून्यावर आणायचे, हा साधा हेतू. डेकमध्ये सहसा किमान ६० कार्डे लागतात. आजवर या खेळाची २५ हजारांहून अधिक वेगवेगळी कार्डे निघाली आहेत आणि दर काही महिन्यांनी त्यांत नव्या संचाची भर पडते. पोकेमॉन आणि यु-गि-ओ या जपानी मालिकांचे कार्डांचे खेळ त्यानंतर आले.

चाहत्यांना स्वतःची आवृत्ती का लिहावीशी वाटली?

पहिले कारण पैशाचे. कार्डे पाकिटातून नशिबाने मिळत असल्याने चांगल्या कार्डांचा फेरविक्रीचा बाजार उभा राहिला. 'ब्लॅक लोटस' हे १९९३ मधील कार्ड त्याचे टोकाचे उदाहरण. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या सुमारे ११०० प्रतीच छापल्या गेल्या होत्या. २०२१ मध्ये त्यांपैकी एक प्रत लिलावात पाच लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. ठरावीक जुनी कार्डे खेळण्यासाठी पुन्हा कधीही छापणार नाही, असे वचन कंपनीने १९९६ मध्ये संग्राहकांना दिले. त्यामुळे या कार्डांचा तुटवडा कायमचा झाला. स्पर्धेत उतरण्यायोग्य साधा डेकही सामान्य खेळाडूच्या खिशाला जड जाऊ शकतो.

दुसरे कारण जोडीदाराचे. कार्डे विकणारे दुकान आणि बरोबरीचा खेळाडू मोठ्या शहरांबाहेर सहसा मिळत नाही. तिसरे कारण सरावाचे. पैसे घालण्यापूर्वी एखादा डेक चालतो की नाही, हे पाहण्याची सोय प्रत्येकाला हवी असते.

कंपनीने या गरजा ओळखल्या नाहीत असे नव्हे. १९९७ मध्ये मायक्रोप्रोझने परवाना घेऊन संगणकावर 'मॅजिक' आणला. २००२ मध्ये 'मॅजिक ऑनलाइन' आणि २०१९ मध्ये 'मॅजिक : द गॅदरिंग अरीना' अधिकृतपणे दाखल झाले. पण 'मॅजिक ऑनलाइन'मध्ये पडद्यावरची कार्डेही विकत घ्यावी लागतात. 'अरीना' फुकट सुरू करता येतो, मात्र कार्डे खेळून कमवावी लागतात किंवा पैसे मोजावे लागतात. शिवाय त्यात अनेक जुनी कार्डे नाहीत आणि चौघांनी मिळून खेळायचा 'कमांडर' हा लोकप्रिय प्रकारही नाही. चाहत्यांचे प्रोग्रॅम नेमक्या याच रिकाम्या जागेत उभे आहेत.

या आवृत्त्या कोणकोणत्या प्रकारच्या आहेत?

ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात प्रोग्रॅम फक्त टेबल पुरवतो. कार्डे पिसणे, वाटणे, सरकवणे, आयुष्याचे गुण मोजणे एवढेच तो करतो. नियम पाळण्याची जबाबदारी खेळणाऱ्यांची. नव्वदच्या दशकातील 'अ‍ॅप्रेंटिस' हा असाच प्रोग्रॅम होता. आजचा 'कॉकाट्राइस' त्याच घराण्यातला. समोरच्याने चूक केली किंवा लबाडी केली, तर प्रोग्रॅम मध्ये पडत नाही. घरी सतरंजीवर पत्ते खेळताना जसे भांडण आपापसांत मिटवावे लागते, तसेच इथेही.

दुसऱ्या प्रकारातील प्रोग्रॅम पंचाचे काम करतो. 'फोर्ज' आणि 'एक्समेज' हे दोन प्रोग्रॅम या गटातील प्रमुख. कोणते कार्ड केव्हा टाकता येईल, त्याचा परिणाम काय होईल, हे प्रोग्रॅमच ठरवतो. नियमाबाहेरची चाल तो करूच देत नाही. 'फोर्ज'मध्ये संगणकाविरुद्ध इंटरनेटशिवायही खेळता येते. त्यातील साहसाचा खेळ १९९७ मधील मायक्रोप्रोझच्या खेळावरून सुचलेला आहे. तो अँड्रॉइड फोनवरही चालतो. 'एक्समेज'चा भर सर्व्हरवरून दूरच्या खेळाडूंशी खेळण्यावर आहे.

कॉकाट्राइस, फोर्ज आणि एक्समेज या तिन्ही प्रोग्रॅमचा कोड खुला आहे. कोणीही तो वाचू शकतो, त्यातील चूक दाखवू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो.

संगणकाला कार्डे शिकवणे अवघड का?

बुद्धिबळात सोंगट्यांचे सहाच प्रकार आहेत आणि त्यांच्या चाली ठरलेल्या आहेत. 'मॅजिक'मध्ये प्रत्येक कार्ड हा स्वतःच एक छोटा नियम आहे आणि तो मूळ नियमाला छेद देऊ शकतो. साध्या उदाहरणाने हे समजेल. 'लाइटनिंग बोल्ट' हे कार्ड ३ गुणांची इजा करते. समजा, समोरच्याच्या प्राण्याची सहनशक्ती ३ आहे. बोल्ट पडला की तो प्राणी मरणार. पण बोल्टचा परिणाम होण्यापूर्वी समोरचा खेळाडू 'जायंट ग्रोथ' टाकू शकतो. त्याने प्राण्याची शक्ती आणि सहनशक्ती त्या फेरीपुरती ३ने वाढते.

इथे नियम असा, की शेवटी टाकलेले कार्ड आधी लागू होते. ताटांची चवड रचली की सर्वांत वरचे ताट आधी उचलले जाते, तसेच. त्यामुळे आधी 'जायंट ग्रोथ' लागू होते, सहनशक्ती ६ होते आणि प्राणी वाचतो. हीच दोन कार्डे उलट्या क्रमाने पडली तर चित्र बदलते. प्राणी वाढवण्यासाठी आधी 'जायंट ग्रोथ' टाकले आणि त्यावर उत्तर म्हणून बोल्ट आला, तर बोल्ट आधी लागू होतो आणि प्राणी वाढण्यापूर्वीच मरतो. कार्डे तीच, निकाल वेगळा.

आता अशी २५ हजार कार्डे एकमेकांना भिडली तर काय होईल, याची कल्पना करावी. एकाच प्राण्यावर अनेक परिणाम एकदम होत असतील, तर कोणता आधी धरायचा, यासाठी अधिकृत नियमांत सात थर सांगितले आहेत. हे नियमपुस्तक अडीचशेहून अधिक पानांचे आहे. २०१९ मध्ये तीन संशोधकांनी तर दाखवून दिले, की 'मॅजिक'च्या नियमांतच संपूर्ण संगणक उभा करता येतो. म्हणजे कार्डांची अशी मांडणी शक्य आहे, की पुढचा खेळ आपोआप घडत जाईल, पण त्याचा शेवट कोणाच्या बाजूने लागेल हे आधीच सांगणारी सर्वसाधारण पद्धत असूच शकत नाही.

'एक्समेज'मध्ये प्रत्येक कार्डासाठी जावा भाषेतील स्वतंत्र फाइल असते. 'फोर्ज'मध्ये प्रत्येक कार्डाची छोटी मजकूर-फाइल असते आणि तिची ठरावीक भाषा मूळ प्रोग्रॅमला कळते. कंपनीच्या 'अरीना'त कार्डावरील इंग्रजी वाक्य वाचून त्याचे नियमांत रूपांतर करणारी यंत्रणा आहे आणि तिच्यामागे पगारी अभियंते आहेत. चाहत्यांच्या प्रोग्रॅममध्ये हे काम स्वयंसेवक करतात. नवा संच बाजारात येण्याच्या सुमारास त्यातील बहुतेक कार्डे या प्रोग्रॅममध्ये आलेली असतात. एखादे कार्ड चुकीचे वागले की खेळाडू तक्रार नोंदवतात आणि कोणीतरी वेळ काढून ते दुरुस्त करते.

खेळाच्या नियमांवर मालकी सांगता येते का?

या वादाचा गाभा इथे आहे. 'मॅजिक'भोवती कायद्याची तीन कुंपणे आहेत. पेटंट, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क.

गारफील्ड यांच्या नावे १९९७ मध्ये या प्रकारच्या खेळाच्या पद्धतीचे अमेरिकी पेटंट मंजूर झाले. कार्ड आडवे करून 'वापरले' असे दाखवण्याची क्रियाही त्यात येत होती. त्या पेटंटची मुदत २०१४ मध्ये संपली. त्यामुळे पहिले कुंपण आता उरलेले नाही.

कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, तिच्या मांडणीला मिळतो. खेळ कसा खेळायचा ही कल्पना. चित्र, कथा, लिहिलेला मजकूर ही मांडणी. 'बँग!' या इटालियन कार्डांच्या खेळाचे प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. त्याचे नियम जवळपास जसेच्या तसे घेऊन, पण पात्रे आणि चित्रे बदलून एक चिनी खेळ अमेरिकेत आला. २०१६ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने चिनी खेळाच्या बाजूने निकाल दिला. खेळाचे नियम आणि कार्यपद्धती यांना कॉपीराइटचे संरक्षण नाही, असे त्या निकालाचे सार होते. याउलट २०१२ मध्ये न्यू जर्सीतील न्यायालयाने 'टेट्रिस'ची हुबेहूब दिसणारी नक्कल बेकायदा ठरवली. नियम घेतलेले चालतील, रूप उचललेले चालणार नाही, असा या दोन निकालांचा एकत्रित अर्थ काढता येतो.

चाहत्यांचे प्रोग्रॅम या रेषेवर तोल सांभाळतात. नियम राबवणारा कोड त्यांनी स्वतः लिहिलेला असतो, तो त्यांचाच. कार्डांवरील चित्रे बहुधा प्रोग्रॅमसोबत दिली जात नाहीत. वापरणाऱ्याच्या संगणकावर ती दुसरीकडून उतरवली जातात. पण कार्डांची नावे आणि त्यांवरील मजकूर प्रोग्रॅमला लागतोच. खेळाचे नाव हा ट्रेडमार्क आहे. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने हा पूर्ण पांढरा व्यवहार नाही आणि पूर्ण काळाही नाही.

भारतातील कायदा काय सांगतो?

भारतात खेळाच्या पद्धतीचे पेटंट मुळातच मिळत नाही. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३(एम)मध्ये 'खेळ खेळण्याची पद्धत' हा शोध मानला जाणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ खाली कल्पना आणि मांडणी यांतील फरक सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात अधोरेखित केला. 'हम हिंदुस्तानी' हे नाटक आणि 'न्यू दिल्ली' हा चित्रपट यांचा विषय एकच असला, तरी मांडणी वेगळी असल्याने नक्कल झालेली नाही, असे न्यायालयाने ठरवले.

मात्र याचा अर्थ इथे सर्व काही मोकळे आहे असा नाही. परदेशी कलाकारांच्या चित्रांनाही आंतरराष्ट्रीय करारांमुळे भारतात कॉपीराइट लागू होतो. कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी काही सवलत आहे. पण चित्रे गोळा करून इतरांना वाटणे हा खासगी वापर ठरत नाही. संगणकीय प्रोग्रॅमलाही भारतात साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे. म्हणजे चाहत्यांनी लिहिलेला कोडसुद्धा परवान्याच्या अटी मोडून कोणी आपल्या नावावर खपवू शकत नाही.

कंपन्या याकडे कसे पाहतात?

प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. 'विझार्ड्स'चे चाहत्यांच्या निर्मितीबाबत जाहीर धोरण आहे. फुकट असेल, ती अधिकृत नाही हे स्पष्ट लिहिले असेल, तर चाहत्यांच्या निर्मितीला मुभा मिळते. पण कंपनीची सामग्री जशीच्या तशी उतरवून वाटण्याला हे धोरण लागू नाही. व्यापारी प्रतिस्पर्धी असेल तर कंपनी गप्प बसत नाही. 'हेक्स' हा संगणकीय कार्डांचा खेळ 'मॅजिक'ची नक्कल असल्याचा दावा करत तिने २०१४ मध्ये खटला भरला आणि २०१५ मध्ये तो तडजोडीने मिटला.

'यु-गि-ओ'च्या बाबतीत धोरण अधिक कडक दिसले. 'ड्युएलिंग नेटवर्क' हे चाहत्यांचे लोकप्रिय संकेतस्थळ कायदेशीर इशाऱ्यानंतर २०१६ मध्ये बंद झाले. कोनामी कंपनीचा 'मास्टर ड्युएल' हा अधिकृत खेळ त्यानंतर जवळपास सहा वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये आला. त्यात सुरुवातीलाच १० हजारांहून अधिक कार्डे होती. एवढी कार्डे वापरून घरबसल्या खेळण्याची मागणी आहे, हे चाहत्यांनी फार आधी दाखवून दिले होते.

कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. कार्डांची चित्रे काढणारे कलाकार, खेळ रचणारे आणि तपासणारे लोक यांचा पगार पाकिटांच्या विक्रीतूनच निघतो. सगळी कार्डे फुकट मिळत असतील तर पाकीट कोण घेईल, ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. दुसरीकडे, फुकट सराव करून खेळाची गोडी लागलेला माणूसच पुढे कार्डे विकत घेतो, असा चाहत्यांचा युक्तिवाद असतो.

कंपनीनेच खेळ सोडून दिला तर?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर 'नेटरनर'कडे आहे. हाही गारफील्ड यांचाच खेळ, १९९६ मधला. २०१२ मध्ये 'फँटसी फ्लाइट गेम्स'ने 'विझार्ड्स'कडून परवाना घेऊन तो 'अँड्रॉइड : नेटरनर' या नावाने पुन्हा आणला आणि तो खूप गाजला. २०१८ मध्ये परवान्याची साथ संपली आणि त्याची विक्री थांबली. एरवी इथे खेळ संपला असता. दुकानातली कार्डे संपतात, नवे खेळाडू येत नाहीत, जुने हळूहळू पांगतात.

पण चाहत्यांनी बनवलेले 'जिंतेकी डॉट नेट' आधीपासूनच सुरू होते. ब्राउझर उघडून त्यावर कोणाशीही खेळता येत होते. खेळाडू एकत्र राहिले ते या जागेमुळे. त्यांच्यातूनच 'निसेई' ही स्वयंसेवी संस्था उभी राहिली. २०२२ मध्ये तिने 'नल सिग्नल गेम्स' हे नाव घेतले. या संस्थेने जुनी कार्डे पुन्हा छापण्याऐवजी जुन्या खेळाशी जुळणारी स्वतःची नवी कार्डे रचली. २०२१ मध्ये नवशिक्यांसाठी 'सिस्टिम गेटवे' हा संच आणला. घरी छापून घेण्यासाठी कार्डांच्या फाइल ती फुकट देते आणि जागतिक स्पर्धाही भरवते.

'डिसायफर' कंपनीच्या 'स्टार वॉर्स'च्या खेळाचेही तसेच झाले. कंपनीचा परवाना २००१ अखेर संपला. त्यानंतर खेळाडूंच्या समितीने कारभार हाती घेतला. 'जेम्प' या चाहत्यांच्या प्रोग्रॅमवर तो खेळ, तसेच याच कंपनीचा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा खेळ आजही खेळता येतो. छापील पुस्तक दुकानातून गेले तरी ग्रंथालयात मिळते. दोघांशिवाय न खेळता येणाऱ्या खेळाचे तसे होत नाही. त्याला नियम जाणणारी माणसे आणि भेटण्याची जागा, दोन्ही लागतात. वरील खेळांना ती जागा चाहत्यांच्या प्रोग्रॅमने दिली.

वापरणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

असे प्रोग्रॅम ते लिहिणाऱ्यांच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवावेत. समाज माध्यमांवरून किंवा गटांतून फिरणाऱ्या अँड्रॉइड फाइलमध्ये भलतेच काही असू शकते. पैसे मागणारी, सर्व संपर्क किंवा संदेश वाचण्याची परवानगी मागणारी आवृत्ती संशयास्पद समजावी. चाहत्यांचा प्रोग्रॅम केव्हाही बंद पडू शकतो, त्यामुळे आपल्या डेकची यादी वेगळी जपून ठेवणे बरे. या प्रोग्रॅममधील कार्डे कंपनीच्या अधिकृत खेळात नेता येत नाहीत आणि विकताही येत नाहीत.

'मॅजिक'चे चाहते आज कंपनीच्या सावलीत खेळतात. कंपनी जोरात आहे, तोवर त्यांचे प्रोग्रॅम ही एक पर्यायी सोय आहे. 'नेटरनर'च्या चाहत्यांचीही २०१८ पूर्वी हीच स्थिती होती. कोणत्या खेळावर ती वेळ केव्हा येईल, हे त्या खेळाच्या मालकालाही आधी सांगता येत नाही. तेव्हा उपयोगी पडतो तो आधीच लिहून, तपासून ठेवलेला कोड. म्हणूनच चित्रे आणि नावे यांवरचा कंपनीचा हक्क मान्य करूनही, विनामूल्य आणि खुल्या प्रोग्रॅमना किती मोकळीक द्यायची, याचा विचार कंपन्यांना आणि कायदा करणाऱ्यांना करावा लागेल.